वाढवलेला ठोका

डॉक्टर निखाडे दोन पर्याय सांगत होते आणि दोन्ही सांगताना ते केतकीकडे नाही, पडद्याकडे बघत होते. प्रमिलाबाईंच्या छातीतला प्रोसेसर जुना झाला आहे. तो काढून नव्या पिढीचा बसवता येईल, किंवा आहे त्यालाच जास्त वेगानं पळवता येईल. पहिल्याला ते ‘अपग्रेड’ म्हणाले, दुसऱ्याला ‘ओव्हरक्लॉक’. शेजारच्या खुर्चीत प्रमिलाबाई भिंतीवरच्या एसीकडे बघत बसल्या होत्या. आपल्याबद्दल बोलणं चाललं आहे हे त्यांना कळत होतं, आणि त्यात आपल्याला कुणी काही विचारणार नाही, हेही.

“ह्या एसीले सांगा,” त्या शेवटी म्हणाल्या, “त्याचाबी वेग वाढवा म्हणा.”

डॉक्टर हसले. केतकी हसली नाही. हे वाक्य यायला आईला फार वेळ लागला, असं तिला वाटलं.

सात वर्षांपूर्वी पक्षाघातानं प्रमिलाबाईंची वाचा गेली होती. शब्द डोक्यात शाबूत होते. डोक्यापासून जिभेपर्यंतचा रस्ता मधेच खचला होता. त्या खचलेल्या जागी पूल म्हणून हे यंत्र आलं. काडेपेटीएवढा प्रोसेसर गळ्याखालच्या आडव्या हाडापाशी, कातडीच्या आत. तिथून केसाहून बारीक तारा मानेतून वर मेंदूत. मेंदूच्या एका भागात उमटलेला शब्द टिपायचा आणि दुसऱ्या भागातून जीभ, ओठ, गळा यांना हलायला सांगायचं. आवाज माणसाचाच राहतो, गळाही त्याचाच. यंत्र फक्त निरोप्या.

पण हा निरोप्या येतो तेव्हा काहीच शिकलेला नसतो. नेहमीच्या संगणकासारखे त्यात आकड्यांचे तक्ते नसतात. एका विशिष्ट पदार्थाचे लाखो सूक्ष्म ठिपके असतात, आणि प्रत्येक ठिपक्यातून वीज किती अडखळत जाते यात त्याचं सगळं शिक्षण साठतं. माणूस बोलायची धडपड करतो तसतसे ठिपके बदलत जातात. दोन प्रोसेसरांचे ठिपके मुळात घडणीतच वेगळे, त्यामुळे एकाचं शिकलेलं दुसऱ्यात उतरवता येत नाही. वर्षानुवर्षं वापरलेल्या चपलेला पायाचा आकार येतो. तिची मापं घेऊन नवी शिवली तरी ती चावायची राहत नाही.

प्रमिलाबाईंच्या यंत्राला आकार दिला तो त्यांच्या नवऱ्यानं. पुरुषोत्तम गावंडे हे जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. ते रोज सकाळी बायकोसमोर खुर्ची टाकून बसायचे, अर्धं वाक्य बोलायचे आणि थांबायचे. उरलेलं तिनं पूर्ण करायचं. “आज भाजी…” असं एकदा ते म्हणाले, आणि तीन महिने फक्त घरघर काढणाऱ्या प्रमिलाबाई म्हणाल्या, “जळाली.” मास्तर उठून स्वयंपाकघरात गेले. भाजी खरंच जळाली होती. तेच ती गॅसवर विसरले होते. पुढे कितीतरी दिवस ते ही गोष्ट येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. वर्षभरात यंत्र प्रमिलाबाईंची वऱ्हाडी शिकलं, त्यांचे टोमणे शिकलं, टोमण्याच्या आधी त्या घेत तो छोटा श्वासही शिकलं.

गेल्या दिवाळीनंतर मास्तर गेले. तेराव्याच्या विधीत गुरुजींनी गेलेल्याचं नाव विचारलं तेव्हा प्रमिलाबाईंनी मुलाकडे, अभयकडे बघितलं आणि अभयनं ते सांगितलं. केतकीच्या मनात आलं, आईला शब्द सापडत नाहीत.

त्यानंतर प्रमिलाबाईंचं बोलणं उणावत गेलं. घटस्फोटानंतर केतकी आईवडिलांकडेच राहायला आलेली होती, त्यामुळे तिला ते दिवसागणिक दिसत होतं. विचारलं तर उत्तर मिळायचं, न विचारता काही यायचं नाही. जेवताना दोघीच असायच्या आणि कूलरचा आवाज असायचा.

दर सहा महिन्यांनी डॉक्टर निखाडेंच्या केंद्रात चाचणी होई. बंद खोलीत पडद्यावर एकेक चित्र येई: वांगं, नळ, शेजारीण, मुलगा. चित्र दिसल्यापासून नाव तोंडातून बाहेर पडेपर्यंत किती वेळ गेला, ते चाचणीचं यंत्र मोजे. खूप वेळ उत्तर आलं नाही तर पुढचं चित्र येई. पेशंट मदतीसाठी तोंडाकडे बघतो म्हणून घरच्यांना आत येऊ देत नसत. बाहेर येई तो फक्त एक आकडा, सरासरी विलंब. तो एका मर्यादेच्या वर गेला आणि राहिला, तर कंपनी त्या प्रोसेसरची देखभाल थांबवत असे; मग तो काढावाच लागे.

चित्रांचा अल्बम घरच्यांनी करून द्यायचा असे. पहिला मास्तरांनी केला होता, आणि त्यात स्वतःचा एकही फोटो ठेवला नव्हता. केतकीला तो त्यांचा भिडस्तपणा वाटला. ते गेल्यावर तिनं अल्बम नव्यानं केला. ‘पेशंटला सर्वांत जवळची माणसं घ्या,’ अशी सूचना होती. तिनं वडिलांचे फोटो घेतले. शाळेच्या अंगणातले, लग्नातले, खुर्चीत पेपर वाचतानाचे, शेवटच्या उन्हाळ्यात आंबे पिकायला माचात घालताना घामेजलेले. घेताना ती थांबू शकली नाही. अल्बमचा तिसरा हिस्सा वडीलच झाले.

त्यानंतरच्या पहिल्याच चाचणीत सरासरी मर्यादेच्या कितीतरी वर गेली.

केतकी कृषी विद्यापीठात कापसाच्या वाणांच्या चाचण्यांची आकडेवारी पाहायची. सरासरीला हात लावण्याआधी एकेक वाफा बघून या, असं ती दर वर्षी नव्या विद्यार्थ्यांना सांगायची, आणि जो बघून येत नसे त्याचा प्रबंध न वाचता परत करायची. आईचा आकडा तिनं घेतला, पर्समध्ये ठेवला आणि घरी आणला.

अभय बंगळुरूला होता. त्याचं मत सरळ होतं: नवा बसवा. आईशी फोनवर बोलताना मधल्या रिकाम्या वेळात आपल्या मेल वाचून होतात, असं तो म्हणाला, आणि ते तो तक्रार म्हणून सांगत नव्हता. नव्या पिढीचा प्रोसेसर तयार भाषा घेऊनच येतो. आठवड्यात माणूस बोलायला लागतो.

“तुला घाई आहे म्हणून आईनं भराभर बोलायचं?” केतकीनं विचारलं.

“घाई तुलाही आहे, ताई. फक्त तुला जुन्या आईची घाई आहे.” मग जरा थांबून तो म्हणाला, “तिला विचारलंस?”

केतकीनं त्या संध्याकाळी विचारलं. विचारलं म्हणजे समजावून सांगितलं. नवा बसवला तर बाबांनी तुझ्याकडून करून घेतलेलं सगळं जाईल, जुन्याचा वेग वाढवला तर ते राहील. प्रमिलाबाई शेंगा सोलत होत्या.

“पन मले झालं काय? बोलून राहिली नं मी.”

“आकडा फार वाढलाय, आई. तुला शब्द वेळेवर मिळत नाहीत.”

“आकड्याले काय समजते वं.” त्यांनी टरफलं सुपात टाकली. “तुले बरं वाटन ते कर. आता कोन वाद घालत बसते.”

केतकीनं वेग वाढवायचं ठरवलं.

प्रोसेसरच्या आत एक ठोका असतो. प्रत्येक ठोक्याला त्याचं एक पाऊल पडतं. कंपनी हा ठोका मुद्दाम संथ ठेवते, कारण तो वाढवला की विजेचा दाबही वाढवावा लागतो, आणि मग वेग थोडा वाढतो, पण उष्णता त्याच्या कितीतरी पट. टेबलावरच्या संगणकाला पंखा लावता येतो. माणसाच्या आत पंखा नसतो. तिथं रक्तच वाहता वाहता उष्णता घेऊन जातं. त्याहून वाईट गोष्ट अशी की, ज्या ठिपक्यांत शिक्षण साठलेलं असतं ते उष्णतेनं हळूहळू एकमेकांत मिसळू लागतात. म्हणजे जो वेग शिकलेलं लवकर बाहेर आणतो तोच ते पुसतही असतो. हे डॉक्टरांनी लपवलं नाही. तीन पायऱ्या आहेत, असं ते म्हणाले. पहिलीवर बहुतेकांचं भागतं.

पहिली पायरी एप्रिलच्या मध्यात चढली. अकोल्याचा पारा तेव्हाच चव्वेचाळीसवर होता. केतकीनं कूलरला वाळ्याच्या नव्या ताट्या लावल्या आणि ओला पंचा करून आईच्या गळ्याखाली ठेवायला लागली. कातडीखाली त्या जागेवर बोट ठेवलं की चहाच्या कपाला बाहेरून लागतं तेवढं ऊन लागायचं. पंचा बघता बघता सुकायचा.

पण घरात बोलणं परत आलं. तिसऱ्याच दिवशी केतकीनं वाढलेल्या वरणाकडे बघून प्रमिलाबाई म्हणाल्या, “यात डाळ हाय का नुसती वार्ता?” केतकी उठून बाथरूममध्ये गेली आणि तोंडावर पाणी मारून परत आली. अभयचा फोन आला तेव्हा त्या त्याला, तुझा आवाज कॉल सेंटरवाल्यासारखा येते, काही विकाचं आहे का, असं म्हणाल्या. तो हसला. केतकीला वाटलं, आपण जिंकलो.

वेग वाढवल्यावर मुद्दाम घेतलेल्या चाचणीत आकडा जेमतेम हलला.

हे कसं, ते डॉक्टरांनाही सांगता येईना. घरी चांगलं बोलतात म्हणता, आणि चाचणीत नाही. ताण असेल. त्यांनी दुसरी पायरी सुचवली आणि जाता जाता सांगितलं, की आता बाई थोडं मोकळं बोलतील. माणसाच्या मनात शब्द उमटतो आणि तो बोलायचा की नाही हे त्यानंतर ठरतं. त्या दोन्हींमध्ये एक क्षणाचं अंतर असतं. यंत्र पहिल्या वर्षात हे अंतर ओळखायला शिकतं आणि ‘नाही’ आलं तर शब्द सोडून देतं. ठोका वाढला की कधी कधी ‘नाही’ पोचायच्या आधीच शब्द निघून जातो. डॉक्टर हे औषधाच्या किरकोळ दुष्परिणामासारखं म्हणाले आणि केतकीनं तसंच ऐकलं.

दुसऱ्या पायरीनंतरच्या रविवारी अभयचा फोन आला. येत्या महिन्यात येतो, असं तो म्हणाला.

“येजो. बाप मेला तेव्हा आला होता, आता माय मरन तेव्हा येजो,” प्रमिलाबाई म्हणाल्या आणि स्वतःच दचकल्या. अभयनं फोन ठेवला. पुढे त्याचे फोन कमी झाले.

त्याच आठवड्यात केतकी पंचा बदलत होती. प्रमिलाबाई तिच्या हाताकडे बघत होत्या. त्या काही बोलणार आहेत असं चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

“तू नवऱ्याले सोडून आली त्या दिवशी माह्या मनात आलं, आता हे पोरगी मरेस्तोवर माह्या उरावर.”

केतकीनं पंचा पिळला. पाणी जमिनीवर पडलं.

“असं नव्हतं सांगाचं मले,” प्रमिलाबाई म्हणाल्या. त्यांनी तिचं मनगट धरलं. “येऊन जाते मनात. माणसाच्या मनात काय काय येते, बाई. ते काही खरं नसते.”

केतकीनं, ठीक आहे, असं म्हटलं. बरीच वर्षं तिला शंका होती, तिचं उत्तर मिळालं एवढंच. आणि तरीही त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर तिला आठवत राहिलं ते हे, की वाक्य किती सलग आलं. अडखळ नव्हती. ही आईच होती, तिचीच धार. ती जपायची होती.

आकडा तरीही मर्यादेच्या वर होता. पुढच्या चाचणीत तो खाली आला नसता तर जुना प्रोसेसर काढावाच लागला असता.

तिसऱ्या पायरीला निखाडे तयार नव्हते. मे महिना आहे, शरीराला आधीच स्वतःला थंड ठेवणं जड जातंय, असं त्यांचं म्हणणं. अभयनं फोनवर, जुनं इंजिन फाटेपर्यंत पळवायची तुला हौसच आहे, असं ऐकवलं. प्रमिलाबाई काही म्हणाल्या नाहीत. दुसऱ्या पायरीपासून त्या शक्यतो बोलायचंच टाळत होत्या. आईला शब्दच मिळत नाहीत, असं केतकीनं धरलं, चुकीचंच, आधी धरलं होतं तसंच. तिनं हट्ट धरला आणि आणखी एक मागणी केली: या वेळी चाचणीच्या खोलीत मी बसणार. डॉक्टरांनी थकून दोन्हीला होकार दिला.

खोली लहान आणि अंधारी होती. केतकी आईच्या मागे बसली. पडद्यावर वांगं आलं. “वांगं.” नळ आला. “नळ.” शेजारीण, “देवकाबाई.” अभय. केतकी. एकेक नाव टकाटक येत होतं. केतकीला पुढे झुकून आईचा खांदा दाबावासा वाटला.

मग शाळेच्या अंगणात उभे असलेले मास्तर आले.

प्रमिलाबाईंची मान खाली गेली. ओठ घट्ट मिटले. डाव्या हातानं त्यांनी पदर ओढून घेतला, तोंडावर घ्यायला निघाल्यासारखा, आणि तेवढ्यात त्यांच्या गळ्यातून, मिटलेले ओठ उघडून, शब्द आला.

“पुरुषोत्तम.”

पुढचं चित्र कढईचं. “कढई.” मग पेपर वाचणारे मास्तर. “पुरुषोत्तम.” आंब्यांजवळचे. “पुरुषोत्तम.” लग्नातले, बाशिंग बांधलेले. “पुरुषोत्तम.” प्रमिलाबाईंनी डोळे मिटून घेतले, पण मिटायच्या आधी ते बघत होतेच.

आकडा मर्यादेच्या पुष्कळ खाली आला. केतकीच्या डोळ्यांना धार लागली होती. तिनं आईचा हात हातात घेतला. प्रमिलाबाईंनी तो काढून घेतला.

घरी जाताना गाडीत त्या मागच्या सीटवर बसल्या. एरवी त्या पुढे बसत. केतकीनं आरशातून बघितलं तर त्यांनी पदराचा बोळा करून तो तोंडात धरला होता. घरी पोचल्यावर त्या सरळ आतल्या खोलीत गेल्या. बैठकीत मास्तरांचा हार घातलेला फोटो होता. तिथून जाताना त्यांनी तोंड भिंतीकडे केलं.

केतकी मागोमाग गेली. काय झालं, असं दोनदा विचारल्यावर त्यांनी बोळा काढला.

“लग्नात उखाण्यात घेतलं होतं. बायांनी लय गळ घातली म्हणून. त्यानंतर कधी तोंडातून काढलं नाही. मेले तरी काढलं नाही.” शब्द भरभर येत होते, त्या थांबवू बघत होत्या तरी. “तुमच्या मशीनसमोर त्याईचा फोटो आला का मी गप राहत होती. मले वाटलं तुले माहीत असन.”

केतकी दारात उभी होती. अधिक महिन्याला सगळं गाव पुरुषोत्तम मास म्हणे, आई मात्र धोंड्याचा महिना. बाबांचं नाव कुणी दारात येऊन विचारलं की आई आतून केतकीला हाक मारी आणि तिच्याकडून सांगवी. बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, यावर केतकीनं एक चांगला लांब लेख वाचलेला होता, विद्यापीठाच्या वाचनालयात, आणि त्यातले काही मुद्दे तिला पटलेही नव्हते. आपल्या घरातही हे आहे, असं तिला तो वाचताना वाटलं नव्हतं.

“सांगायचं होतंस मला,” ती म्हणाली.

“इचारलं का तू?” मग त्या म्हणाल्या, “त्याईले माहीत होतं. म्हणून त्यायनं सोताचा फोटो कधी ठेवला नाही. तू आणून लावले, पोट्टी. एक नाही, दोन नाही.” त्या पुढे काही बोलणार होत्या, पण त्यांची नजर केतकीच्या खांद्यावरून बैठकीतल्या फोटोवर गेली. “पुरुषोत्तम,” त्या म्हणाल्या, आणि पदराचा बोळा पुन्हा तोंडात कोंबला.

केतकीनं संध्याकाळी केंद्रातून सगळ्या चाचण्यांची एकेक चित्राची नोंद मागवली. तिला ती मागता येत होती. सुरुवातीपासून मागता येत होती. प्रत्येक वस्तूचं, प्रत्येक माणसाचं नाव पहिल्या चाचणीतही वेळेवर आलेलं होतं, ठोका वाढवण्याच्या आधीच्या. फक्त एका माणसापाशी प्रमिलाबाई थांबल्या होत्या, आणि यंत्र कंटाळून पुढे जाईपर्यंत थांबून राहिल्या होत्या. प्रोसेसरला काही झालेलं नव्हतं. घरी त्या कमी बोलत होत्या, कारण त्यांचा नवरा मेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं ठोका मूळ पायरीवर आणायला लावला. आणला. पण ठिपके परत जागेवर जात नाहीत. पहिले काही दिवस बरे गेले. मग प्रमिलाबाई मीठ मागायला गेल्या आणि ‘रविवार’ म्हणाल्या. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा ‘रविवार’. त्यांना हसू आलं. केतकीलाही आलं, आणि तेवढंच त्या उन्हाळ्यात दोघी मिळून हसल्या. पुढे वाक्यांचे शेवट जायला लागले, नंतर सुरुवाती. टोमण्याआधीचा छोटा श्वास शेवटपर्यंत राहिला. श्वास यायचा, केतकी वाट बघायची, आणि मागून काही यायचं नाही. महिन्याभरात तोही थांबला.

अभय विमानानं आला. त्याला केतकीला बरंच काही ऐकवायचं होतं, पण आईला बघून त्यानं ऐकवलं नाही. ताई, आता तरी, एवढंच तो म्हणाला. डॉक्टरांनी नवा प्रोसेसर प्रमिलाबाईंच्या हातात दिला. जुन्यापेक्षा लहान होता, नखाएवढा. त्यांनी तो टेबलावर ठेवला आणि डावा तळहात गळ्याखालच्या जागेवर ठेवला, दाबून, कुणी काही काढून नेऊ नये तसा. मग मान हलवली. नाही.

हे सगळ्यांनी बघितलं. बोलता न येणाऱ्या माणसाच्या संमतीबद्दल डॉक्टरांकडे एक नियम होता. पेशंटला प्रश्न कितपत कळला याची खात्री देता येत नाही, म्हणून निर्णय जवळच्या नातेवाइकाचा. खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं की प्रश्न कळला आहे. केतकीनं सही केली. आई गप्प बसलेली तिला सोसवत नव्हती. दुसरं कारण तिनं शोधलं नाही.

आठवड्यात प्रमिलाबाई बोलायला लागल्या.

“केतकी, मला जरा पाणी देतेस का?” त्या म्हणाल्या. आवाज त्यांचाच होता. गळाही त्यांचाच. वऱ्हाडीचा मागमूस नव्हता. कंपनीनं ‘मराठी, महिला, ज्येष्ठ’ अशी एकच भाषा घालून पाठवली होती. देवकाबाई भेटायला आल्या आणि, काय गोड बोलतात, म्हणून कौतुक करून गेल्या. अभयचे फोन वाढले. आई किती छान विचारते, जेवलास का, तब्येत सांभाळ, असं त्यानं केतकीला सांगितलं. आता मधे मेल वाचावी लागत नव्हती.

वडील करायचे तसं केतकीनं एके सकाळी आईसमोर खुर्ची टाकली.

“आज भाजी…” ती म्हणाली आणि थांबली.

“आज भाजी छान झाली आहे,” प्रमिलाबाई म्हणाल्या.

त्यांचे डोळे केतकीवर होते आणि त्या डोळ्यांत जे होतं त्याचा या वाक्याशी काही संबंध नव्हता.

बैठकीतून जाताना दर वेळी त्यांची नजर फोटोवर जाई आणि दर वेळी तोंडातून नाव येई, स्पष्ट, शुद्ध, एकही अक्षर न चुकता. मागून हात पदराकडे जाई. केतकीनं डॉक्टरांना विचारलं. नव्या पिढीत ते मधलं अंतर कंपनीनं काढूनच टाकलं आहे, असं ते म्हणाले. लोकांना विलंब नको असतो. थांबणं शिकवता येतं म्हणा. कुणीतरी रोज समोर बसून, वर्ष-दोन वर्षं. पेशंटला ओळखणारं माणूस हवं.

घरी येऊन केतकीनं स्टुलावर चढून फोटो काढला, हार वेगळा केला, काच पुसली आणि दोन्ही जुन्या चादरीत गुंडाळून कपाटात ठेवलं. भिंतीवर खिळा राहिला आणि त्याच्याखाली बाकी भिंतीपेक्षा पांढरा असा एक चौकोन.

दुपारी प्रमिलाबाई झोपून उठल्या आणि पाण्यासाठी बाहेर आल्या. केतकी टेबलापाशी पेपर तपासत होती. तिनं वर बघितलं नाही. पावलं बैठकीच्या मधोमध थांबलेली तिनं ऐकली.

“पुरुषोत्तम,” प्रमिलाबाई खिळ्याकडे बघून म्हणाल्या. त्यांचा हात पदराकडे निघाला. तो तोंडापर्यंत पोचेतो त्यांनी ते पुन्हा म्हटलं होतं.